घाण्यातला आवाज

भोंगेवाल्याचं गोदाम रविवारी बंद असतं, अशी गल्लीची समजूत होती. शटर खाली ओढलेलं, बाहेर टेम्पो उभा, आसपास चिटपाखरू नाही. पण त्या शटरला कुणी हात लावला असता तर तळव्याला मुंग्या आल्या असत्या. आत, भिंतींना ठोकलेल्या जाड गाद्यांच्या आड, तीन माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर डोळे मिटून बसलेली असायची आणि समोरचे पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर जिवाच्या आकांतानं ओरडत असायचे. तिघांतली एक बाई होती, सत्तरीला टेकलेली, आणि खरं सांगायचं तर पक्का कान तिचाच होता.

ती आत्या; उरलेल्या दोघांतला एक तिचा भाचा, दुसरा स्वतः भोंगेवाला. भाचा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. दिवसभर कानाशी ग्राइंडरची किरकिर, आणि संध्याकाळी घरी येऊन हा बाबा त्याहून कर्कश काहीतरी लावून बसायचा. भोंगेवाला सभासमारंभांना स्पीकर भाड्यानं द्यायचा. माइक आणि स्पीकर समोरासमोर आले की जी शिट्टी सुटते ती दाबण्यात त्याचा आठवडा जायचा, आणि रविवारी तीच शिट्टी, कुणीतरी मुद्दाम सोडलेली, तो तल्लीन होऊन ऐकायचा. असल्या माणसांचं काय करावं ते जगाला कळत नाही. त्यांनाही जगाचं काय करावं ते कळत नव्हतं, त्यामुळे कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नव्हती.

ते ऐकत काय होते? लोक म्हणतील गोंगाट. म्हणोत बापडे. कुठल्या तरी दूरच्या गावातली तीन-चार पोरं, दिवसा गॅरेजात नाहीतर कत्तलखान्यात कामाला, तळघरात जमून काहीतरी वाजवतात. त्याच्या जेमतेम मूठभर रेकॉर्डी निघतात आणि त्यातल्या निम्म्या त्यांच्याच पलंगाखाली पडून राहतात. पहिल्यांदा ऐकलं की खरोखरच काही कळत नाही. ड्रम इतका जलद की ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, नुसती थरथर. गाणारा गातोय की त्याला कुणी विहिरीत ढकललंय, ते समजत नाही. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कान न आखडता बसलं की त्या चिखलाखाली काहीतरी हलतंय असं वाटायला लागतं. दोन गिटारी एकमेकींपासून केसभर बेसूर लावलेल्या असतात, आणि त्या फटीतून एक तिसराच सूर वरखाली होत असतो, जो कुणीच वाजवलेला नसतो. तो सापडला की अंगावर काटा येतो. त्या काट्यासाठी ही सगळी धडपड.

गोदामाचे नियम भोंगेवाल्याचे होते आणि त्यात तो कुणाचं काही चालू द्यायचा नाही. फोन बंद करून टेम्पोत ठेवायचे. भिंतीवर घड्याळ नाही, मनगटावरही नाही. सुई टेकली की बोलायचं नाही, उठायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, कारण दुसऱ्याचं तोंड बघून आपलं मत बनतं. खोल दडलेलं काही सापडलं तर एक बोट वर करायचं, बस्स. "डोळे मिटलेले असताना ते बोट बघणार कोण?" असं भाच्यानं एकदा विचारलं होतं. "दाखवायला नाही करायचं," भोंगेवाला गंभीरपणे म्हणाला होता. अर्थात तिघंही अधूनमधून पापण्यांच्या फटीतून बघायचे आणि तिघंही ते कबूल करायचे नाहीत.

आणि शेवटी घाणा. काही रेकॉर्डींची शेवटची खाच पुढे सरकत नाही, फिरून स्वतःलाच येऊन मिळते. सुई त्या एकाच फेरीत अडकते आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो, कुणी हातानं उचलेपर्यंत. बैल फिरतो तसं हे फिरत राहतं, म्हणून भोंगेवाल्यानं त्याला घाणा म्हणायला सुरुवात केली. घाण्यात नुसतं बसून राहायचं. ज्याला आधी असह्य होईल त्यानं उठून सुई उचलायची आणि सगळ्यांना चहा करून द्यायचा. आत्यानं त्या गोदामात आजवर एकदाही चहा केला नव्हता.

तिच्या या चिकाटीमागे तिचं सगळं आयुष्य होतं. आतोबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होते, कायम रात्रपाळीला. दिवसा झोपायचे. लग्न होऊन आली तेव्हापासून आत्या स्वतःच्या घरात चवड्यांवर चालली. झाकण ठेवायचं तर खाली फडकं, दार लावायचं तर बोट मध्ये घालून. पोरगा रडायला लागला की त्याला उचलून जिन्यात न्यायची. आतोबा वाईट नव्हते, पण झोपमोड झाली की घर डोक्यावर घ्यायचे, आणि त्या घरात तेवढाच काय तो आवाज. ते गेल्यावर ती भाच्याकडे राहायला आली. एकदा भाचा खोलीचं दार लावून काहीतरी ऐकत होता, तिनं दार वाजवलं. आता बोलणी बसणार म्हणून तो उठला.

"हे काय लावलंयस?" आत्यानं विचारलं.

"बंद करतो."

"बंद काय करतोयस? इतकं दबकत का ऐकतोयस ते विचारतेय."

तिथून पुढे ती जी बसली ती बसलीच. भोंगेवाल्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा त्यानं भाच्याला बाजूला घेऊन, "अरे, म्हातारीला काही झालं म्हणजे?" असं विचारलं होतं. पाचसहा रविवारांनी तोच तिला विचारायला लागला, "आत्या, मागच्या वेळी तुम्ही बोट केलंत ते नेमकं कुठे?"

मग एका सकाळी तिच्या हातून कप सुटला. भाच्यानं वर बघितलं तर तोंडाची डावी बाजू खाली ओघळलेली, ओठ हलताहेत आणि शब्द जुळत नाहीत. फोन कुठे ठेवलाय ते त्याला आठवेना, आणि तेवढ्यात सगळं जागेवर आलं. "फुटला का रे?" तिनं कपाकडे बघत विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि भाच्याला बाहेर बोलावलं.

"मेंदूकडे जाणारं रक्त अडलं आणि पुन्हा सुरू झालं. दर वेळी सुरू होईलच असं नाही. तोंड वाकडं दिसलं, हात उचलेना, बोलणं तुटलं, यातलं एकही दिसलं की बघत बसायचं नाही. आहे तसं उचलून आणायचं. जेवढा उशीर कराल तेवढं माणूस कमी परत मिळेल."

भाच्यानं घुटमळत गोदामाचं सांगितलं. "आवाजानं काही होतं का?"

"आवाजानं नाही हो. पण त्या आवाजात त्यांना काही झालं तर तुम्हाला कळणार आहे का?"

परगावच्या आतेभावानं फोनवर तेच विचारलं, फक्त जरा वरच्या पट्टीत. "आई तुझ्या भरवशावर आहे तिकडे, आणि तू तिला असल्या ठिकाणी नेऊन बसवतोस?" भाचा म्हणाला, मी लक्ष ठेवतो. आतेभाऊ म्हणाला, ठेवच.

आणि त्यानं ठेवलं. पुढच्या रविवारी तो ऐकत कमी होता आणि बघत जास्त. मुळात हे ऐकताना कुणाचंच तोंड सरळ राहत नाही. जड, चिकट असा एखादा तुकडा बरोबर जागी येऊन पडला की नाक आक्रसतं, ओठ एका बाजूला ओढले जातात, कुजका वास आल्यासारखं तोंड होतं. तीच खरी दाद. भोंगेवाला तर म्हणायचा, ज्या रेकॉर्डीनं तोंड वाकडं होत नाही ती परत करावी. पण त्या दिवशी भाच्याला आत्याचे ओठ डावीकडे ओढले गेलेले दिसले. तो खुर्ची पाडत उठला, सुई ओढली, रेकॉर्डीवर आडवा ओरखडा उमटला.

"आत्या, हात वर कर! दोन्ही! नाव सांग तुझं!"

आत्यानं डोळे उघडले. दोन्ही हात वर केले, खाली ठेवले, पर्स उचलली आणि टेम्पोत जाऊन बसली.

नंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. ती घरात चवड्यांवर चालायला लागली. झाकणाखाली फडकं ठेवायला लागली. भाचा रात्रंदिवस त्या शांततेत कोंडला गेला, आणि शेवटी त्यानंच हात टेकले.

"चुकलं माझं. पण मी घाबरलो होतो."

"मला माहितीये तू घाबरला होतास," आत्या म्हणाली. "तेही घाबरायचे. झोप झाली नाही तर मशीनमध्ये हात जाईल म्हणून. त्यांच्या भीतीपायी माझं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं तुझ्या भीतीपायी घालवू? मरायचं तर मरेन मी. पण असं कुणीतरी सारखं बघतंय, अशी नाही जगणार."

"मग काय करू मी?"

"मी थांब म्हणेन तेव्हा थांबवायचं. त्याच्या आधी नाही. शपथ घे."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं बोलणं तुटण्याचं त्याच्या मनात येऊन गेलं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण ती इतक्या दिवसांनी बोलत होती, आणि ते बिघडवायचा त्याला धीर झाला नाही. त्यानं शपथ घेतली.

आपल्याला माफ केल्याच्या आनंदात त्यानं तिच्यासाठी एक दुर्मिळ रेकॉर्ड मिळवली. त्या रेकॉर्डीबद्दल तिघांनी नुसतं ऐकलं होतं. दोन भाऊ आणि त्यांची एक चुलत बहीण, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात शिरून त्यांनी ती वाजवली होती, आणि नंतर तिघांनी पुन्हा कधी वाद्याला हात लावला नाही. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. भाच्यानं स्वतःकडच्या चांगल्या चार रेकॉर्डी देऊन ती बदलून घेतली. काळं पाकीट, वर हातानं उठवलेला वजनकाट्याचा ठसा, नाव नाही, गाव नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी घाणा आहे, एवढीच माहिती होती.

रविवारी भोंगेवाल्यानं रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरून खाचा बघितल्या. "दाट कापलंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. आत्या तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली, शाल गुडघ्यांवर घेतली. "काय रे, मेल्यासारखी तोंडं करून बसलात. लाव की," ती म्हणाली. ते तिचं शेवटचं धड वाक्य, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार.

पहिली बाजू म्हणजे नुसती भिंत. तिघांतल्या कुणाचंच बोट उठलं नाही. दुसरी बाजू सुरू झाली आणि भाच्याला कळलं की ही भिंत नाही, त्या कारखान्याची पोकळी आहे. ड्रमचा ठोका पडत होता आणि कुठेतरी लांब, ओल्या लोखंडावर आपटून, जरा उशिरानं परत येत होता. हळूहळू परत येणारा ठोका मूळ ठोक्याच्या पुढे जायला लागला. असं होऊच शकत नाही, भाच्याला वाटलं, आणि त्याच्या दोन्ही दंडांवर काटा आला. आत्याला हे सापडलं का, ते बघायचा मोह त्याला आवरला नाही. त्यानं पापण्या किंचित उघडल्या.

आत्याचं तोंड वाकडं झालं होतं. चांगलंच वाकडं. आणि उजव्या हाताचं एक बोट वर होतं, थरथरत.

भाच्याला मागचा ओरखडा आठवला, झाकणाखालचं फडकं आठवलं, आपली शपथ आठवली. ती थांब म्हणाली नव्हती. उलट तिनं बोट केलं होतं, म्हणजे तिला काहीतरी सापडलं होतं, त्याच्यापेक्षा खोल. इतकी दाद तिनं कुठल्याच रेकॉर्डीला दिली नव्हती, आणि ही त्यानं आणलेली होती. त्याला अभिमान वाटला. थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोला. तिला काय सापडलंय ते शोधायला त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

मग सगळं थांबलं आणि घाणा सुरू झाला. खालच्या पट्टीतली एक घुरघुर आणि प्रत्येक फेरीला एक टक्. घुरघुर, टक्. घुरघुर, टक्. आवाज फार मोठा नव्हता. कुणी उठलं नाही. भाचा वाट बघत बसला. त्या घुरघुरीत आधी गिटारीची तार ऐकू आली, मग दूरचं पाणी, मग काहीच नाही. वेळ किती गेला ते कळायला तिथे मार्गच नव्हता.

आणि मग त्याला तो आवाज ऐकू आला.

घुरघुरीच्या खाली, अगदी तळाशी, एक माणसाचा आवाज होता. शब्द नव्हते. घशातून ओढत आणलेला, अर्ध्यावर सुटणारा, पुन्हा सुरू होणारा. भाच्यानं आयुष्यात असलं काही ऐकलं नव्हतं. त्या विहिरीत ढकललेल्या गाणाऱ्यांची सगळी ओरड याच्यापुढे नाटकी वाटावी, इतका तो खरा होता. आत्याला सापडलं ते हेच, त्याला वाटलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंही बोट वर केलं. फटीतून दिसलं, भोंगेवाल्याचंही बोट वर होतं आणि चेहरा उजळला होता. आवाज वाढत गेला. मध्येच तो रडण्यासारखा झाला, मग लांबला, मग त्यात एक जोर आला, कुणीतरी खूप जड दार ढकलत असल्यासारखा. आणखी, भाचा मनात म्हणाला. आणखी येऊ दे.

टक्. टक्. टक्.

त्या टकटकीनंच त्याला भानावर आणलं. प्रत्येक फेरीला तोच टक्, त्याच जागी. खाच एकच होती. एका फेरीत जेवढं मावतं तेवढंच तिच्यात होतं आणि तेच फिरून फिरून येणार होतं. घाण्यात काही वाढत नाही. घाण्यात नवीन काही येत नाही, येऊच शकत नाही.

आणि हा आवाज दर फेरीला वेगळा होता.

भाच्यानं डोळे उघडले नाहीत. उघडायचं त्याला धाडस होईना. तो आंधळ्यासारखा पुढे झाला, चाचपडत हात नेला आणि सुई उचलली. घुरघुर थांबली. टक् थांबला.

आवाज थांबला नाही.

"का उचललीस?" भोंगेवाला डोळे मिटूनच म्हणाला. "आत्ता कुठे तो आवाज..." आणि त्याचं वर केलेलं बोट हवेतच राहिलं.

आत्या खुर्चीत डावीकडे कलंडली होती. शाल खाली पडलेली. डावा हात खुर्चीबाहेर लोंबत होता, आणि उजवा, बोट वर करून करून थकलेला, भाच्याच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टेकला होता. ती त्याच्याकडे बघत होती. तोंड उघडं होतं आणि ती अजूनही, त्याच आवाजात, थांब म्हणायचा प्रयत्न करत होती.

दोघांनी तिला उचलून टेम्पोत घातलं. स्पीकरच्या पेट्या बांधायच्या दोऱ्या बाजूला सारून भाचा मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धावतच विचारलं, किती वेळ झाला, आणि भोंगेवाला म्हणाला, आत्ताच. भाचा म्हणाला, नाही, बराच झाला, किती ते माहीत नाही. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि स्ट्रेचरमागे आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. भोंगेवाला पायरीवर डोकं धरून बसला होता. भाच्याच्या हातात आतेभावाचा नंबर काढून ठेवलेला फोन होता आणि त्यानं तो लावला नव्हता.

"जीव वाचेल," त्या म्हणाल्या. "बोलणं परत येईल अशी आशा मात्र ठेवू नका. फार उशीर झाला. मला एक कळत नाही. असं एकदम गप्प नाही होत माणूस. त्यांनी तुम्हाला हाक मारायचा प्रयत्न केला असणार."

"केला," भाचा म्हणाला.

"मग? तुम्ही कुठे होतात?"

"शेजारच्या खुर्चीत."

"आणि ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"आलं," भाचा म्हणाला. "पहिल्यापासून आलं. इतकं आवडलं मला, की आणखी येऊ दे म्हणत बसलो."